कुंकू लावलेली सीडी

"मालक कुठायत?"

"मीच."

"मालक, मालक," म्हाताऱ्यानं आवाज चढवला. बहुतेक मला ऐकायला कमी येतंय असं त्याला वाटलं. "दुकानाचं मालक. उज्ज्वल."

"उज्ज्वल नव्हे, उज्ज्वला. पाटीवरचा शेवटचा काना गेलाय. बोला, काय काम आहे?"

म्हाताऱ्यानं मागं वळून बायकोकडं बघितलं. 'चल, दुसरीकडं जाऊ' असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण बायको त्याला बाजूला सारून पुढं आली. तिनं पिशवीतून खणाच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवलं. देवाचा टाक ठेवावा तसं.

"बाई असली तर बरंच हाय," ती म्हणाली. "पोरी, ह्यात माझा ल्योक हाय. एवढा भाईर काढ."

मी कापड उलगडलं. आत सीडी होती आणि तिच्या मधल्या भोकात झेंडूचं वाळलेलं फूल खोचलेलं होतं. चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाचा थरावर थर. काही वाळून तडकलेले, काही तुपानं चिकट झालेले.

ही गोष्ट विट्यातली, सोळा-सतरा वर्षांपूर्वीची. तेव्हा एसटी स्टँडासमोर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सांगलीला जाऊन मी कोर्स केला होता, तरी येणारा प्रत्येक जण मालकच शोधायचा. मालक म्हणजे माझा नवरा तिकडं इरोडला गलाईच्या दुकानात होता. आमच्याकडचे निम्मे पुरुष असेच. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, हे आमच्या लोकांचं काम. त्यासाठी कुठं कुठं जाऊन बसतात आणि गावच्या यात्रेला चार दिवस तोंड दाखवतात. म्हणून कुणाचा माणूस लांब आहे म्हटलं की मला जास्त सांगावं लागत नाही.

"हे कुंकू कुणी लावलं?" मी विचारलं.

"हिनं!" म्हातारा एकदम उसळला. "चार वर्षं देव्हाऱ्यात ठिवली. खंडेनवमीला कोयता, खुरपं, माझी जुनी सांडशी मांडायची आणि त्यात ही! फासलं कुंकू. वाटोळं केलं सगळं. आता बघा म्हणं."

"घरात बघायचं यंत्र न्हवतं, मग काय करू?" बाई माझ्याकडं बघूनच बोलत होती. "पोराची वस्तू हाय, कुठं टाकू? आणि मला वाटलं, आरशागत हाय ती बाजू म्हंजी तोंड. कुंकू तोंडाला लावत्यात, पाठीला लावत्यात व्हय?"

मला हसू आलं, पण ती खरंच उत्तराची वाट बघत होती. मी हसू गिळलं.

मग हळूहळू सगळं कळलं. त्या हौसाक्का आणि ते शामराव, सगळे तात्या म्हणायचे. अधिक महिन्यात जन्मला म्हणून एकुलत्या एका मुलाचं नाव अधिक. तो सिलिगुडीला एका गलाईच्या दुकानात होता. तिथल्याच एका मुलीशी त्यानं लग्न केलं. तात्यांनी निरोप धाडला, 'आमच्या दारात पाय ठेवू नकोस.' त्यानंतर दुकानातल्या एका माणसाच्या हाती अधिकनं ही सीडी पाठवली. त्याला म्हणाला, 'मी आता हे काम सोडतोय, बायकोच्या गावाकडं जातोय. कुठं ते ह्यात सांगितलंय. ज्याला यायचं आसंल त्यानं बघून यावं.' त्या माणसानं सीडी दिली, पण हा निरोप सांगायचा राहिला. तो यंदा यात्रेला आला तेव्हा हौसाक्कांनी त्याला गाठलं. तो म्हणाला, 'अधिकला जाऊन चार वर्षं झाली. कुठं गेला, आमच्यात कुणाला ठाऊक न्हाई. तुम्ही ती शीडी बघितलीच न्हाई का?'

"म्हंजी पत्ता माझ्या देव्हाऱ्यातच होता," हौसाक्का म्हणाल्या. "चार वर्षं. मी रोज त्याला नमस्कार करत हुते, पर ऐकला न्हाई कवा."

मी सीडी तशीच ड्राइव्हमध्ये घालून बघायला निघाले होते, पण असलं चिकट काही आत गेलं तर ड्राइव्हची पण पूजा झाली असती. आधी धुवायला हवी होती. मी कोमट पाण्यात साबण कालवला.

"आता पान्यात बुडवतीस?" तात्या ओरडले. "हिनं निम्मं घालवलं, तू उरल्यालं घालीव!"

"तात्या, तुम्ही सोनं वितळवताना मी मध्ये बोलले असते का?"

तेही मूळचे गलाईवालेच. तीस वर्षं भट्टीपुढं बसलेला माणूस. त्यांना ते बोलणं पटलं असावं, कारण स्टूल ओढून ते माझ्या हातांकडं बघायला लागले. मी सीडी मधून कडेकडं पुसत होते. गोल गोल पुसायची नाही, ओरखडे पडतात. पाणी लाल झालं, मग केशरी. हौसाक्का त्या पाण्याकडं अपराध्यासारख्या बघत होत्या.

"पोरी, खरं सांग," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्यामुळं गेला का गं पत्ता?"

"आक्का, उलट आहे. ही चकचकीत बाजू म्हणजे नुसतं जाड प्लास्टिक, काचेसारखं. खरा ऐवज असतो तो मागच्या बाजूला, रंगाच्या पातळ थराखाली. तुम्ही कुंकू पाठीला लावलं असतं तर गेलं असतं. तोंडाला लावलंत म्हणून वाचलं. ते धुतलं की झालं."

त्या बाईच्या तोंडावर जे आलं ते मला अजून विसरता येत नाही. त्यांनी तात्यांकडं एकदा बघितलं आणि पदर सारखा केला. मी असते तर चार शब्द ऐकवले असते.

मी सीडी कोरडी करून ड्राइव्हमध्ये घातली. घुर्रर्र, घुर्रर्र, आणि स्क्रीनवर आलं, डिस्क टाका. अगं टाकली आहे की बाई, काय डोळे फुटले का तुझे! काढली, घातली, तेच. ड्राइव्ह उघडून आतलं भिंग कापसानं पुसलं. तेच. दुसऱ्या मशीनमध्ये घातली. तिथं कसंबसं नाव आलं आणि मशीन जागच्या जागी थिजलं.

मग मी सीडी हातात घेऊन ट्यूबलाइटसमोर धरली, आणि मला दिसलं.

वरच्या बाजूला अधिकनं मार्करनं लिहिलं होतं, 'आई-तात्यांसाठी'. आता तिथं 'आई' होतं आणि 'साठी' होतं. मधलं अक्षर न अक्षर खरवडून काढलेलं होतं. इतकं नेटानं, की रंगाबरोबर चंदेरी थरही निघाला होता. त्या जागेतून मला समोर उभी असलेली आटपाडीची एसटी स्वच्छ दिसली.

"हे कुणी खरवडलं?"

तात्यांनी घसा खाकरला आणि ते रस्त्याकडं बघायला लागले.

"शेजारच्या पोरानं," हौसाक्का पटकन म्हणाल्या. "खेळता खेळता."

"देव्हाऱ्यातली सीडी शेजारच्या पोरानं? आणि नेमकं तेवढंच—"

हौसाक्कांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. माझी जीभ सहसा आवरत नाही, पण त्या दिवशी आवरली.

"असेल," मी म्हणाले. "पोरं काय, कशालाही हात घालतात."

माझ्या टेबलाखाली एक जुना, जाडजूड ड्राइव्ह पडलेला होता. चाल बैलगाडीची, पण नव्या ड्राइव्हनी हात टेकलेल्या सीडी तो चिवटपणानं वाचायचा. तो जोडला. सीडी आत गेली. आम्ही तिघं त्या डब्याकडं बघत बसलो. मला मनातून फार वाटत होतं की ती चालावी. माझ्या नवऱ्याचा फोन दर रविवारी यायचा, 'जेवलीस का' एवढंच विचारायचा, आणि तेवढ्यावर माझा आठवडा जायचा. ह्या बाईला चार वर्षं तेवढंसुद्धा नव्हतं.

स्क्रीन काळी झाली. मग निळी भिंत दिसली. तिच्यापुढं खुर्चीत एक तिशीतला माणूस, केस पाणी लावून चापून बसवलेले.

"अगं बया," हौसाक्का म्हणाल्या आणि पदर तोंडात धरला.

"आई," तो म्हणाला, "इथं एक दोस्त लग्नाची शूटिंग करतो, त्याच्याकडनं ही करून घेतोय. आधी तुझ्याशी बोलतो. मग तात्यांशी बोलायचंय. आणि शेवटाला पत्ता सांगतो, तो लिहून घे."

मग तो तिच्याशी बोलला. सुनेचं नाव शेफाली. तिला तिखट सोसत नाही. इकडं भाकरी मिळत नाही, मी स्वतः थापायला शिकलोय, पण तुझ्यासारखी फुगत नाही. तुझा गुडघा कसा आहे? म्हैस अजून तीच का? हौसाक्का त्याला उत्तरं देत होत्या. "न्हाई रं, ती म्हस इकली. गुडघा दुखतोय बाबा, हायच त्यो." तात्या ताठ बसून होते. हात गुडघ्यावर, नजर पडद्यावर.

पंधरा मिनिटं झाली. अधिकनं पाण्याचा घोट घेतला, खुर्चीत सरसावून बसला आणि म्हणाला, "तात्या."

आणि चित्र फुटलं. चौकोन चौकोन झाले, ड्राइव्ह किंचाळायला लागला, सगळं थांबलं.

"म्होरं?" तात्या म्हणाले. आल्यापासून त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "म्होरं काय?"

खराब जागा टाळून पुढं उडी मारायला मी मशीनला सांगितलं. तेही दोनदा बंद पडलं. तिसऱ्यांदा चित्र आलं, तेव्हा मधली चौदा मिनिटं गेलेली होती. तोच माणूस, तीच भिंत. पण डोळे लाल आणि नाक पुसत होता.

"...पत्ता लिहून घे आई. गाव हल्दीबाडी. कूचबिहार जिल्हा. स्टेशनच्या मागं सासऱ्याचं सायकलीचं दुकान हाय. कुणी पण सांगंल."

सीडी संपली. मी पत्ता लिहून घेतला होता, तरी हौसाक्कांनी तो माझ्याकडून तीन वेळा म्हणून घेतला. "हल्दीबाडी. हळदीचं गाव, न्हवं? बघा! मी हळद लावत हुते, आणि पोरगं हळदीच्या गावात!" त्या रडत होत्या आणि हसत होत्या. त्यांनी माझी दृष्ट काढली, मग त्या जुन्या ड्राइव्हची काढली.

तात्या उठले नाहीत.

"मधलं काढ," ते मला म्हणाले.

"मधलं नाही निघणार तात्या. ती जागाच गेली आहे."

"तो रडलाय. बघितलंस का? माझ्याशी बोलला आणि रडला. काय बोलला आसंल?"

हौसाक्कांनी सीडी परत खणाच्या कापडात गुंडाळली.

पंधरा दिवसांनी हौसाक्का भावाला बरोबर घेऊन हल्दीबाडीला गेल्या. तात्या गेले नाहीत. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी ते दुकानात हजर. सीडी खणाच्या कापडात.

"बघ एकदा परत."

मी बघितलं. नाही निघालं. त्याच्या पुढच्या बाजारालाही आले. मी मागच्या बाजूला काळी चिकटपट्टी लावून बघितली, टूथपेस्ट घासून बघितली, एका रिकाम्या दुपारी एकच सीडी तेरा वेळा चालवली. दर वेळी अधिक म्हणायचा, "तात्या," आणि फुटायचा. तात्या दर वेळी तेवढ्या एका शब्दाला मान पुढं करायचे. मला ते बघवायचं नाही.

"आक्का पोचल्या ना तिकडं?" मी एकदा विचारलं. "फोन आला ना? मग फोनवरच विचारा की त्याला."

"फोनवर काय इचारू? 'तू मला शिव्या दिल्या हुत्यास का' असं?"

"मग तुम्ही गेला का नाहीत?"

"ये म्हणाला आसंल तर जाईन. नगं म्हणाला आसंल तर कुठल्या तोंडानं जाऊ? आधी कळू दे की." मग त्यांनी सीडी उलटी करून खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "शेजारचं पोरगं न्हाई ते. मीच. दाढीच्या पत्तीनं खरवडलं. ती देवापुढं ठिवायची, आणि माझं नाव त्याच्या अक्षरात दिसायचं. डोकं फिरलं एक दिवस. वाटलं, माझा तुझ्याशी संबंध न्हाई, मग माझं नाव कशाला? चंदेरी पापुद्रा निघाला, मला वाटलं रंग आसंल."

"आक्कांना माहीत होतं."

"तिनंच झाडून काढला न्हवं का तो पापुद्रा." ते हसल्यासारखे झाले. "उज्ज्वला, मी सोनाराच्या दुकानातला केर जाळून त्यातनं गुंजभर सोनं काढलंय. राखंतनं काढलंय, मातीतनं काढलंय. गेलं म्हणून मी कवाच कुणाला सांगितलं न्हाई. तुझ्या ह्या धंद्यात असं काय न्हाई का?"

"नाही तात्या. ह्यात केर उरत नाही."

त्यांनी पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली होती, आणि मी त्यांना देऊ काय शकले? ते गेल्यावर मी ड्राइव्हला एक चापट मारली आणि स्वतःच रडत बसले.

दसरा झाला, दिवाळी चार दिवसांवर आली. बाजाराचाच दिवस. दुकानात एक उंच माणूस आला. केस विरळ झाले होते, पण मी लगेच ओळखलं. सीडीतली ती पंधरा मिनिटं मी इतक्या वेळा बघितली होती, की त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा मला पाठ होती.

"मी अधिक. आई म्हणाली, तुमच्यामुळं पत्ता लागला. आम्ही दिवाळीला आलोय, शेफाली आणि पोरगी घरी आईजवळ हायत." त्यानं मागं बघितलं. तात्या बाहेर पायरीवर बसले होते. आज म्हणे त्यांना आत यायला चपला काढायचा कंटाळा आला होता.

"मधलं निघालं का?" त्यानं विचारलं. आवाज हळू.

"नाही."

त्यानं श्वास सोडला. "बरं झालं."

माझं डोकंच सटकलं. "बरं झालं? अहो, तो म्हातारा दर बाजाराला इथं येऊन बसतोय! एका शब्दापुढं काय होतं ते ऐकायला! पडद्यावर तुमचं तोंड फुटलं की त्यांचं तोंड बघवत नाही. काय बोलला होतात ते आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्यांना. शिव्या असतील तर शिव्या सांगा."

अधिक टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला.

"काय बोललोच न्हाई मी," तो म्हणाला. "तात्या म्हटलं, आणि म्होरं शब्दच येईना. लहानपणापास्नं तसंच हाय. त्यांच्याम्होरं मला बोलाय येत न्हाई. दोस्त म्हणाला, बंद करू का? म्हटलं, ऱ्हाऊ दे, येतील शब्द. चौदा-पंधरा मिनिटं नुसता बसून ऱ्हायलो, खाली मान घालून. मग रडाय आलं. मग पत्ता सांगितला."

इतके दिवस मी मशीनच्या छातीवर बसून काय मागत होते? एक माणूस गप्प बसलेला. आणि तेवढं जरी दिसलं असतं, तरी तात्या त्याच दिवशी गाडीत बसले असते.

"मग हेच सांगा त्यांना."

"तेच तर येत न्हाई न्हवं."

शेजारच्या टपरीवरून माझ्यासाठी चहा आलेला होता. मी आणखी एक मागवला आणि दोन्ही कप त्याच्या हातात दिले. "जा. एक त्यांचा. बोलू नका काही. तिथं जसे बसला होतात, तसे बसा."

तो बाहेर गेला. तात्यांनी वर न बघता कप घेतला. अधिक पायरीवर बसला, मध्ये हातभर जागा सोडून, खाली मान घालून. दोघांनी चहा प्यायला. कप खाली ठेवले. एसटी आल्या, गेल्या. बऱ्याच वेळानं तात्या थोडे सरकले आणि म्हणाले, "इकडं ये. उन्हात बसलाईस."

अधिक सरकला. मधली जागा गेली. मग परत दोघं गप्प. तात्यांचा हात त्याच्या पाठीवर जाऊन बसला होता. मी काउंटरमागं उभी राहून पदराला डोळे पुसत होते आणि मला त्याची काही लाज वाटत नव्हती.

तेवढ्यात त्या दोघांना ओलांडून एक गिऱ्हाईक आत आलं. बगलेत कीबोर्ड, तोंडावर घाई.

"मालक कुठायत?"

"थांबा जरा," मी पायरीकडं बघत म्हणाले. "सीडीतलं मधलं आत्ता कुठं निघायला लागलंय."